नाव घेण्यापुरता आवाज

१४ मार्च, जव्हार
शाळेतून आल्यावर आजही दारातच थांबले. पूर्वी चपला काढायच्या आत आतून हाक यायची, "सुमे, चहा ठेवलाय." आता प्रभाकर बाहेर येतो, हसतो, कपाकडे बोट दाखवतो. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये नवऱ्याचा आवाज गेला. नाशिकचे डॉक्टर म्हणतात, येईल, वाट बघा. किती, ते सांगत नाहीत. शाळेतली एक पाटी आणून दिलीय. तिच्यावर तो "सुमन" लिहितो. सुमे नाही.

१७ मार्च, रविवार
सूर्यमाळच्या पाड्यावर उपासना. पास्टर म्हणून प्र. पुढे बसला, त्याने लिहिलेलं प्रवचन मी वाचलं. वर्गात धडा वाचावा तसं. निघताना लक्ष्मणकाका, मंडळीतले सगळ्यात जुने, त्याला म्हणाले, "आवाज व्हता तवा तुमच्या भाषणात आमी डुलक्या काढायचो. आता तोंडाकडं बघत बसाया लागतं. झोपच येत नाय."
प्र. खूप हसला. हसण्यालाही आवाज नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

२० मार्च
तो बायबलमधलं यहेज्केलचं पुस्तक वाचतोय, म्हणून मीही. बंदिवासात नेलेल्या लोकांचा संदेष्टा. देव त्याला बोलायला पाठवतो आणि हा जाऊन सात दिवस नुसता त्यांच्यात बसतो, सुन्न. पुढे तर देवच त्याची जीभ टाळूला चिकटवतो. त्याच्या बायकोबद्दल मात्र एवढंच, की ती एका संध्याकाळी गेली. नाव नाही. मुक्या नवऱ्याच्या घरात ती दिवसभर काय ऐकत असेल? भांडी. वारा. स्वतःला.

७ एप्रिल, रविवार
पोटासाठी बाहेर जगायला गेलेली पाड्यावरची घरं परतू लागलीत. काशी वीटभट्टीवरून आली. तिची धाकटी लेक रूथ तिथेच तापाने गेली. तिथेच पुरली.
आमच्यात कोणी गेलं की पास्टर त्या घराच्या उंबऱ्यात उभा राहून नाव घेतो, मोठ्याने, आणि देवाच्या हाती सोपवतो. तोवर माणूस घरातून निघालं असं कोणी धरत नाही. भट्टीवर कोण घेणार होतं.
मी विचारलं, "काशी, मी घेऊ नाव?"
"तुमी नको बाय. तिचं नाव ठेवलं तवा पास्टरनी हातावर घेतलेली. त्यांनीच घ्यावं."
"आणि आवाज नाही आला तर?"
"मंग मी थांबन. पोर बी थांबंल."
प्र. शेजारीच उभा होता. पाटी हातात, खडू हातात. खडू त्याने खिशात टाकला.

१० एप्रिल
पहिल्या एसटीने पाड्यावर गेला. पाटी घरीच ठेवून.

१५ एप्रिल
रोज जातो. काय करतो, ते लक्ष्मणकाकांकडून फोनवर कळलं. "काशी मोहाची फुलं वेचते, हे पण वेचतात. ती झऱ्यावर हंडा भरायची वाट बघत बसते, हे पण बसतात. बाया पयलं हसल्या, बायांच्या रांगेत बाप्या कशाला म्हून. आता त्यांचा हंडा बी रांगेत लावतात."
आम्ही दुःखाच्या घरी पोचतो ते वचन ओठांवर घेऊनच. पाणी प्यायच्या आधी सांत्वन सुरू. उपदेशकाचा विश्वास त्याच्या बोलण्यात दिसतो, असंच मला वाटायचं. यहेज्केलला लोकांकडे पाठवलं, तर तो आधी त्यांच्यात जाऊन बसला. बोलणं नंतर. कधी, तेही त्याच्या हातात नव्हतं.
हे सगळं पटतं. पण देवा, पटलं ना आता? मग परत दे. काशीसाठी दे. आणि खरं सांगते, माझ्यासाठीही. त्या दारातल्या हाकेसाठी.

१९ एप्रिल
फुलांच्या वासाचे कपडे. झोपेत त्याचे ओठ हलत होते. मी कान नेला नाही. भीती वाटली.

२१ एप्रिल, रविवार
उपासना संपल्यावर प्र. उठला आणि सरळ काशीच्या घराकडे चालू लागला. आम्ही सगळे मागून. तो उंबऱ्यात उभा राहिला. आम्ही अंगणात. तोंड उघडलं, गळा हलला. मला काही ऐकू आलं नाही. काशी आतून पुढे आली आणि तिने आपला कान त्याच्या ओठांशी नेला. 
मग म्हणाली, "अजून एकदा घ्या."
त्याने घेतलं. तिने पदराने तोंड पुसलं, आत गेली आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.
लक्ष्मणकाकांनी मला हळूच विचारलं, "आलं का गं काही ऐकू?"
परतताना जीपमध्ये मीही विचारलं, "आवाज आला?" त्याने माझा हात धरला आणि बाहेर बघत राहिला. आला असेल तर पहिला तिला, हे बरोबरच आहे. बरोबर आहे, तरी...
घरी आल्यावर चहा मीच ठेवला. दाराकडे पाठ करून, हाकेकडे कान लावून. त्याची पावलं दारात येऊन थांबली. चहा उकळून वर आला, तरी मी वळले नाही.