मोहफुलं वेचायच्या दिवसांत

प्रिय ईरा,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू गप्प झालीस की मी घाबरते आणि लगेच हो म्हणून टाकते. म्हणून कागद घेऊन अंगणात बसले आहे. पाठीवर ऊन आहे. समोर भोजली तिवऱ्याच्या, म्हणजे आपल्या लाखोळीच्या, वाळल्या शेंगा काठीनं बडवते आहे आणि मधेच थांबून विचारते, "का लिखत हस?" लेकीला लिहिते म्हटलं, तर हसली.

भोजलीला तू पाहिलं आहेस, पण आमचं नातं काय ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आम्ही पोरी होतो तेव्हा राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्याच्या काठावर दोघींनी गव्हाचे पिवळे अंकुर एकमेकींच्या कानांवर खोचले. त्या अंकुरांनाच इकडे भोजली म्हणतात. एकदा ते खोचले की एकमेकींचं नाव जन्मभर घ्यायचं नाही. ती मला भोजली म्हणते, मी तिला. मी लग्न होऊन रायपूरला गेले, शाळेत शिकवायला लागले, आणि ती इथेच राहिली. आता दोघीही एकट्या. तुझे बाबा गेल्यावर मी आईच्या या दोन खोल्या झाडून-पुसून आठ दिवसांत रायपूरला परतणार होते. दुसरा फागुन आला, मी इथेच आहे.

परवा तुझा रडवा आवाज ऐकला. रजा अजून वाढवून मागितलीस, साहेबांनी तोंड वाकडं केलं, राधिका बाटली तोंडात धरत नाही. रायपुरात तेलीबांध्याच्या त्या घरात दार लावून तू एकटी दिवसभर तिला खांद्यावर घेऊन फिरतेस, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तुझ्या वेळी मला असं फिरावं लागलं नाही, कारण माझी आई होती. माझी शाळा सुरू व्हायची म्हणून तिला गावाहून आणलं. पोरगी चालायला लागेपर्यंत राहा म्हटलं होतं. तू पाचवीत गेलीस तरी ती आमच्याकडेच होती. तिची बाडी, घरामागचा तो भाजीचा तुकडा, दुसऱ्यांनी केली, गाय दुसऱ्यांच्या दारी गेली. मी कधी विचारलं तर म्हणायची, "मले काय होते वं? मी बरी हाओ." आणि मला ते खरं वाटायचं. खरं वाटणं माझ्या सोयीचं होतं.

एकदा फागुनातच तिला घेऊन गोल बाजारात भांडी घ्यायला गेले होते. तू तिच्या कडेवर होतीस. रस्त्याच्या कडेला एक खेड्यातली बाई हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या घेऊन बसली होती. आई तिच्याजवळ थांबली आणि बघता बघता खालीच बसली, तुला मांडीवर घेऊन. कोणतं गाव, यंदा पीक कसं, मोह पडायला लागला का, विचारणं संपेचना. मी दंडाला धरून तिला उठवलं. "लोक पाहून राहिले, आई." ती उठली, लुगडं झटकलं, माझ्या मागे चालायला लागली. घरी आल्यावर तिनं जुडी स्टोव्हवर धरून भाजली आणि एकेक दाणा सोलून तुला भरवला. तुझे ओठ काळे झालेले पाहून तू आरशापुढे किती हसली होतीस! पुढे तिनं डोळेही रायपूरलाच मिटले. परत गावी जायचंय असं तिनं एकदाही म्हटलं नाही, आणि तुला जायचंय का असं मीही विचारलं नाही.

आता गेल्या रविवारचं सांगते. तुझा अभिनव मला राधिकेसाठी रायपूरला न्यायला येणार म्हणून मी पिशवी भरून ठेवली होती. किल्ली भोजलीकडे दिली होती. ती म्हणाली, "जा भोजली, नातिन बर जा." नातीसाठी जा म्हणाली, जराही अडवलं नाही, हे तू लक्षात ठेव. पहाटे तिच्याबरोबर एकदा मोहाखाली जाऊन येऊ म्हणून निघाले. झाडाखालचा पाचोळा तिनं आधीच जाळून जागा स्वच्छ केली होती. अंधारात फुलं पडताना ऐकू येतात गं, टप टप, अगदी हलकी. उजाडलं तेव्हा जमीन पिवळसर दिसत होती. आम्ही दोघी वाकून वेचत होतो, पोरींसारख्या चढाओढीनं, आणि मला कुणाची औषधाची वेळ नव्हती, कुणाचा डबा नव्हता, कुणाचं अंग पुसायचं नव्हतं. आधी माझ्या सासूबाई अंथरुणावर होत्या, मग तुझे बाबा. त्यांचं केलं त्याचं मला दुःख नाही. पण हात रिकामे असले की कसं वाटतं, ते मला या वयात कळलं.

परत आले तर अंगणात गाडी उभी. अभिनव पाणी पीत होता. माझे हात फुलांच्या रसानं चिकट झालेले. मला स्वतःलाच कळलं नाही आणि मी म्हणाले, अंगात ताप आहे, बाळाला लागेल. बिचारा लगेच उठला. "माँजी, आप आराम करिए, मैं अगले इतवार आ जाऊँगा." गाडीतून गोळ्या काढून दिल्या, माझी पिशवी स्वतः आत नेऊन ठेवली. मला ताप नव्हता, ईरा. गाडी वळली तशी मी चूल पेटवली, भात आणि तिवऱ्याची भाजी केली, पोटभर जेवले आणि दुपारी गाढ झोपले. जाग आली तेव्हा मात्र उठवेना. आईनं माझ्यासाठी जे सोडलं, ते मी मुकाट घेतलं होतं. आणि माझी पाळी आली तर मी खोटं बोलले.

येत्या रविवारी अभिनवला पाठवू नकोस, हे सांगायला हे पत्र. मी राहायला येणार नाही. या महिन्यात नाही, नंतरही नाही. पाळणाघर बघ, नाहीतर दिवसभराची बाई बघ. राधिका रुळेपर्यंत पंधरा दिवस मी तिकडे येऊन राहीन आणि इथे परत येईन. तुला गरज असताना आई नाही म्हणते, हे तुला लागेल. लागू दे. तू "बरं, ठीक आहे" म्हणून मला सोडवू नकोस. ते मी आईच्या तोंडून फार ऐकलं आहे. राग आला तर राधिकेला घेऊन इथे ये, आणि भोजलीच्या समोर, साऱ्या पाऱ्याला, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं माझ्याशी भांड.

तुझीच,
आई