पट्टीचा कोपरा

३ नोव्हेंबर
अण्णांच्या आतड्यात गाठ. उद्या पोट कापायचं. आमचा बाप जन्मात कुणाला घाबरला न्हाय, आज सुई बघून म्हणतो, "युवराज, सास्तूरला परत जाऊ!"
पोटावरचं केसांचं रान साफ करावं म्हणून मी ब्लेड आणलं. तेवढ्यात मागून आवाज — "ठेवा ते! वस्तरा न्हाय, ब्लेड न्हाय. बारीक चिरा पडतात, त्यातनं जंतू शिरतात." अन् सिस्टरनं मशीन फिरवून अण्णांचं पोट मेंढरं कातरतात तसं कातरलं! अण्णा लाजून पंख्याकडं बघत होते.
नाव शिवकन्या. बिल्ल्यावर वाचलं. तीनदा वाचलं.

४ नोव्हेंबर
गाठ निघाली! डॉक्टर म्हणाले, आतड्याचं ऑपरेशन म्हणजे घाणीच्या नळावरचं काम, टाके पिकू द्यायचे नाहीत. सिस्टर म्हणाली, "पट्टीला बोट लावायचं नाही. हात धुतल्याशिवाय पेशंटला शिवायचं नाही." आज एकवीस वेळा हात धुतले. एवढं मन लावलं असतं तर बीएस्सी अर्ध्यात सुटली नसती.

५ नोव्हेंबर
जळकोटहून नागूबाई आत्या आली. पुडीत खंडोबाचा भंडारा. "जखमंवर चिमूटभर टाकू दी की रं." लई भांडलो. अख्खा वॉर्ड बघत होता. शेवटी तिनं भावाच्या कपाळाला लावला अन् पुडी उशाखाली ठेवली.
सिस्टर माझ्याकडं बघून हसली. हसली!!

६ नोव्हेंबर
आज तिची ड्युटी पलीकडच्या वॉर्डात. फिरकलीच न्हाय.
दुपारी अण्णांचा डोळा लागलेला. पट्टीचा कोपरा नखानं जरासा उचकटला. मग पळत गेलो — "सिस्टर, पट्टी सुटली!"
आली की! पाच मिनिटं!

७ नोव्हेंबर
परत उचकटली. घाईत हात धुवायचे राहिले. "फार घाम येतो का तुमच्या अण्णांना?" म्हणलं, लई.

९ नोव्हेंबर
ताप. टाक्यांभोवती लाल. दाबलं तर पू. डॉक्टरांनी दोन टाके उघडले. अण्णांनी दात आवळून घेतले. आतपर्यंत गेलं असंल तर परत पोट उघडायचं म्हणे.
चादर बदलताना पुडी सापडली. झालं! सगळे आत्यावर तुटून पडले. "म्या न्हाय टाकला! खंडोबाची आण!" कुणी ऐकलं न्हाय. माझ्याकडं बघत होती आत्या. मी खिडकीतनं बाहेर बघितलं.
चारच्या एसटीनं गेली, डोळे पुसत.
थू माझ्यावर.

१० नोव्हेंबर
आतपर्यंत गेलेलं न्हाय. ताप उतरतोय. जखम भरायला मात्र महिना.
अण्णांनी विचारलं, "नागू कुठाय?" म्हणलं, गावाकडं गेली. ते माझ्याकडं बघत राहिले. मी उठून हात धुवायला गेलो.

११ नोव्हेंबर
सिस्टरला गाठून सांगितलं. "भंडारा न्हवता. पट्टी मी सोडवायचो. तुम्ही यावं म्हणून."
ती ट्रे आवरत होती. मान वर केली न्हाय.
"माहितीय. तुमच्या आत्या गेल्या त्याच संध्याकाळी अण्णांनी सांगितलं. पोराला बोलू नका म्हणून हात जोडले मला. दोन्ही वेळा जागे होते ते."