दोन यंत्रं, एक फाटा

१२ जून, लातूर
पिंकीचा क्लास सकाळी सहाला. परत येते दिवेलागणीला. मधला दिवस मी, गॅसची शेगडी अन् खिडकी. नातीला डॉक्टर व्हायचंय म्हणून मी भाड्याच्या खोलीत स्वयंपाकीण. आता ही डायरी मी सांगायलेय, ती लिहायलीय. हळू सांग म्हणते. तुझे सर भरभर सांगतात ते चालतं गं.

१५ जून
लेक आला नांदेडहून, पिंकीचा बाप. दिलीप टॅक्सी चालवतो. काचेला रस्ता सांगायची दोन यंत्रं, काळं अन् पांढरं. दुकानदारानं आठ दिवस वापरायला दिलीत. एक ठेवायचं, एक परत. अहमदपूरपुढं पांढरं मुकं झालं. काळ्यानं लातुरात आणलं, पण क्लासच्या बोळात नेऊन अडकवलं. मी म्हटलं, दोन्ही माझ्या सासूवर गेलीत, हुकूम तेवढा पक्का.

१६ जून
जाण्याआधी म्हटलं, आपल्या गावाचं नाव घाल. काळं नव्या गावाला निघालं, भूकंपानंतर सरकारनं बांधलेल्या नंबराच्या घरांकडं. पांढरं जुन्या गावाला. तिथंच भूकंपात घर पडलं, दिलीपचे वडील त्यात गेले. हा त्या रात्री नांदेडला होता. तेव्हापासून तिकडं फिरकला नाही, मलाही नेलं नाही.
म्हणाला, "पांढरं बाद. नकाशा जुना हाय."
मी म्हटलं, "मीबी जुनीच हाय. डोळे हायेत तवर एकदा ने."
गाडी काढून गेला.

१८ जून
फोन नाही. शेजारणीनं दार लोटलेलं. भाकरी केल्या, दोन जास्तच झाल्या. यंत्राचं एक बरं, रस्ता चुकला तरी रुसत नाही, पुन्हा सांगतं.

२१ जून
दिलीप आला. गाडीत बस म्हणाला. आपल्या गावाकडं, औशाच्या रस्त्याला लागला, दोन्ही यंत्रं चालू. फाट्यावर काळं म्हणालं उजवीकडं, पांढरं डावीकडं. गाडी थांबवली.
"आई, मला जमत न्हाई."
मी उतरले. डावीकडं चालत गेले. नुसत्या बाभळी अन् दगडांचे ढीग. एकापाशी थांबले, हात जोडले. मागून गाडी हळूहळू आली. काच खाली झाली.
"ते आपलं न्हाई, आई. अजून पुढं. हिरीच्या अंगाला."
इतक्या वर्षांत एकदाही न आलेला माणूस, अन् आपला ढीग त्यालाच ठाऊक.
मी तिथं जाऊन बसले. तो उतरला नाही. पण गाडी बंद केली.