ओव्हाळ आणि मुलगे

काळाचौकी,
१० नोव्हेंबर २०२४

आयु. हर्षवर्धन यास,
सप्रेम जयभीम.

आजपर्यंत माझ्या हातून झालेलं काम असं: गुत्त्याची दोन दारं, ढकलली की आतबाहेर दोन्हीकडे झुलणारी. घोडागाडीचं चाक, लोखंडी धाव चढवलेलं. विहिरीचा रहाट आणि बादली. बँकेच्या खिडकीचे गज. घोड्यांना पाणी पाजायचं लांब लाकडी टाकं. फाशीचा खांब (अपूर्वाने मागितला नव्हता, पण त्याशिवाय ते गाव पुरं होत नाही, दोर लावणार नाही, लग्नघर आहे). लाकूड रे रोडच्या जुन्या खोक्यांचं. नवं लाकूड आणून त्याला म्हातारं करणं हे आळशी माणसाचं काम. धुळीचा रंग मुलतानी माती आणि चहाच्या पाण्यातून काढला. दोनदा खरवडला, तेव्हा कुठे पटला.

तुझ्या मुलीने आपल्या लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमाला इटालियन सूडपटांतलं गाव मागावं आणि ते मंडळांचे देखावे करणाऱ्या काकाकडेच मागावं, याचं मला किती बरं वाटलं ते लिहीत नाही. माझ्या खोलीत सीडीवर ते पिक्चर बघतच ती वाढली. मला हे काम कुणी शिकवलं नाही. लालबागच्या थेटरात मॅटिनीला तू हिरोचे डोळे बघायचास आणि मी दाराची बिजागरी.

गुत्त्यावर पाटी हवी, ती काल रंगवली: 'ओव्हाळ आणि मुलगे'. बाबांच्या नावाचं एक तरी दुकान होऊन जाऊ दे.

पत्रिका अजून मिळाली नाही. प्रूफ नीट तपास, निमंत्रकांत चुलत्याचं नाव चुकलं तर लोक हसतात. फोनवर तू कायम मीटिंगमध्ये, म्हणून हे कागदाचं लांबण. दीपिकाला जयभीम.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा दादा,
बुद्धभूषण कोंडीराम ओव्हाळ


दादर,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे फोटो पाहिले. धुळीलासुद्धा तू परीक्षेला बसवतोस! मी मोठा मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून मीही कागदावरच आलो.

एक विनंती आहे. ती पाटी काढ. तिथे नवरानवरीची आद्याक्षरं टाकू. तुला ठाऊक आहे, ऑफिसात आणि सोसायटीत मी 'हर्षवर्धन के.' एवढंच लिहितो. दादरला पहिल्यांदा जागा बघायला गेलो तेव्हा तू बरोबर होतास. त्या बाईंनी आपल्याला बसवलं, आत चहा टाकला, मग आडनाव विचारलं. चहाचा वास येत राहिला. चहा आला नाही. होणाऱ्या जावयाचं, विहंगचं, घर गिरगावातलं जुनं, वडील कमलाकांतराव शांत स्वभावाचे. त्यांनी अजून काही विचारलेलं नाही. लग्न होईस्तोवर विचारू नये, एवढंच माझं म्हणणं. पत्रिकेतही म्हणूनच फक्त आईवडिलांची नावं ठेवली.

आपला हिरो आठवतो? आडनाव नाही, घर नाही. घामट, दाढी वाढलेला, घोड्यावरून उतरायचा आणि सरळ गावच्या टाक्यावर पाणी प्यायचा. तू कुणाचा, असं त्याला कुणी विचारायचं नाही. दादा, मी त्या पिक्चरांना एवढ्यासाठीच जात होतो.

रविवारी दुपारी येतो, बाकीचं समोर बसून बोलू. रागावू नकोस. धाकट्यावर लोभ ठेव.
तुझा,
हर्षा


काळाचौकी,
२५ नोव्हेंबर २०२४

हर्षवर्धन,
सप्रेम जयभीम. (तुझ्या पत्रात हा शब्द दिसला नाही. शाई संपली असेल.)

काल येऊन गेलास. मी चहा ठेवला होता, तू तो न घेता उठलास. माझ्याकडे तर तू आडनावही विचारलं नव्हतंस.

तू जे सुचवलंस त्याला मी तोंडावर नाही म्हटलं, तेच इथे पुन्हा लिहितो: नाही. पाटी उतरणार नाही, आणि पाटीशिवाय सामान हलणार नाही.

आपण एकाच बाकावर बसून तेच पिक्चर पाहिले, पण तू मध्यंतरालाच उठलेला दिसतोस. तो बिननावाचा माणूस गावात पाणी प्यायला येत नाही रे. शेवटी समोरचा धुळीत आडवा पडतो, तेव्हा हा त्याच्यावर वाकतो आणि आपण कुणाचे ते सांगतो. तेवढं सांगायलाच तो इतक्या लांबून आलेला असतो. मला ते पिक्चर आवडले ते यासाठी. आपल्याकडच्या हिरोला सूड घ्यायचा तर आधी आई रडायची, मग कोर्ट, मग पोलीस. तिथे रडणं नाही, भाषण नाही. माणूस थांबतो, विसरत नाही.

बाबा एकदाच आपल्याबरोबर आले, संपाच्या वर्षी. हिरो टाक्यावर वाकला तेव्हा त्यांनी अंधारात मोठ्याने विचारलं, की याला कुणी हटकलं कसं नाही? मागची पोरं हसली. तूही हसलास. बाबांना गावची विहीर आठवली होती, हे तुला तेव्हा कळलं नाही, ठीक; आता तुझं वय काय?

इटलीच्या लोकांनी स्पेनच्या माळावर ते गाव उभं केलं आणि त्याला अमेरिका म्हणाले. ओठ एक बोलायचे, आवाज दुसराच यायचा. काल तू बोलत होतास तेव्हा मला तीच मजा आली.

अपूर्वाला यातलं अक्षर कळणार नाही, हा माझा शब्द. तूही सांगू नकोस. तिला सुखाने लग्न करू दे.

लोभ काय तो तुझा तू ठरव.
बुद्धभूषण


गिरगाव,
१२ जानेवारी २०२५

ती. मोठ्या बाबांना,
सप्रेम जयभीम.

लग्न झालं. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची मी शेवटपर्यंत कुणाला घेऊ दिली नाही. त्यावर सगळ्यांच्या पर्स जमा झाल्या.

संगीताला थर्माकोलचं गाव होतं. दारं फक्त बाहेर उघडत होती. विहंग ऐटीत नाचत बाहेर पडला आणि परत आत घुसताना नाक आपटून बसला. बिचाऱ्याला वाटलं, हीच ती काकांची दारं.

पप्पांना अजून माहीत नाही ते तुम्हाला सांगते. विहंगला मी आपलं सगळं दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं, सासऱ्यांनाही. साखरपुड्यात ते पप्पांना विचारणार होते, ओव्हाळ मूळचे कुठले म्हणून. मीच अडवलं, कारण पप्पांना घाम फुटतो. लग्नातही ते हॉलभर विचारत फिरत होते, चाक करणारे काका आले का.

पप्पा म्हणाले, दादाने ऐनवेळी पैसे मागितले, न झेपणारे, आणि नाही म्हटल्यावर सामान अडवून ठेवलं. माझा विश्वास बसला नाही, असं लिहिणार होते. पण तुमच्याशी खोटं कशाला, थोडा बसला. तुम्ही फोन उचलत नाही, मग माणसाने काय समजायचं?

रागवा, पण उत्तर द्या. तुम्ही किती मागितले होते?

मला तुमच्या पोरींतच धरा.
तुमची,
अपूर्वा ओव्हाळ


काळाचौकी,
१९ जानेवारी २०२५

चि. अपूर्वास,
सप्रेम जयभीम व दोघांनाही मंगलकामना.

विहंगच्या नाकाला बर्फ लावला ना? त्याला सांग, दुतर्फा दाराला स्प्रिंगची बिजागरी लागते आणि ती चौकटीत मापाने खोल बसवावी लागते. ज्याने तुमचं गाव केलं त्याने कपाटाची बिजागरी मारली असणार. खरी दारं माझ्याकडे आहेत, कधीही येऊन ढकलून बघा. टाकं चाळीच्या अंगणात ठेवलंय, पोरं त्यात बसून होडी होडी खेळतात. पाटी माझ्या दारावर लावली. सहीत तू आडनाव लिहिलंस ते पाहिलं. दोनदा पाहिलं.

तुला काही कळू द्यायचं नाही, असा शब्द मी तुझ्या पप्पांना दिला होता. फोन म्हणूनच उचलत नव्हतो, आवाजावरून तू ओळखलं असतंस. ते नुसते गप्प राहिले असते, तर मीही हे असंच घेऊन गेलो असतो. ते भ्यालेले आहेत. न आलेल्या चहाचा वास त्यांच्या नाकातून गेला नाही, हे मी समजू शकतो. पण माझ्या हातच्या कामाची मी तुझ्या लग्नात किंमत लावली, हे तुझ्या मनात राहू देणार नाही.

इतके सूडपट पाहून मला वाटायचं, शेवटी त्या माणसाला गार वाटत असेल. तसं काही नाही बाई. हा कागद माझ्या घामाने भिजतोय. तू घरी जाऊन त्यांच्याशी काय बोलशील, मला ठाऊक आहे. तरी लिहितोय.

सही आधी करतो. माझी माया आहे तिथेच आहे, तू ये किंवा येऊ नकोस.
तुझे मोठे बाबा,
बुद्धभूषण कोंडीराम ओव्हाळ

ता. क. मी काहीही मागितलं नव्हतं. देऊ केलं ते तुझ्या पप्पांनी, त्या रविवारी, माझ्या खाटेवर बसून: मी सामान घेऊन हॉलच्या मागच्या लिफ्टने यायचं, पाटी न लावता गाव उभं करायचं, कुणी विचारलं तर डेकोरेटर म्हणायचं, पाहुणे यायच्या आत निघायचं आणि लग्नाला यायचं नाही. बिल 'बी. के. डेकोरेटर्स' या नावाने. रक्कम दोन लाख चाळीस हजार रुपये, जीएसटी वेगळा.