मागला वाडगै

॥ श्री ॥
नुंगंबाक्कम, मद्रास
ता. ६ ऑगस्ट १९५८

ती. दादास,
विमलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अखेर आम्ही मद्रासेत घरवाले झालो. जुलैच्या आरंभी नोंदणी आटोपली आणि गेल्या सोमवारी बैठकीत विजेचा पंखा लागला. हे पत्र मी त्याच्याखालीच बसून लिहिते आहे. कागद उडतो म्हणून त्यावर पोळपाट ठेवला आहे.

मागच्या दोन खोल्यांत जुना भाडेकरू आहे, छापखान्यात खिळे जुळवतो. पहिल्याच आठवड्यात येऊन त्याने यांच्या हातावर एकशे पाच रुपये ठेवले आणि तमिळमध्ये पुष्कळ काही सांगितले. यांना तमिळचा एकच शब्द येतो, ‘सरि’, म्हणजे बरं. तो यांनी बारा वेळा म्हटला. नव्या मालकाकडे अनामत ठेवत असेल, असे आम्ही धरले. पंखा आला तो त्यातूनच.

घर विकणारे वेंकोबाराव हे निवृत्त हेडमास्तर, तंजावरकडचे मराठी. आपल्याच भाषेचा माणूस म्हणून यांनी किमतीत घासाघीस केली नाही, ते मला अजून बोचते. आणि भाषा तरी कसली? अर्धी पोथीतली, अर्धी सांबारातली. त्यांच्या पत्नी सईबाई मोतीबिंदूने जवळजवळ आंधळ्या झाल्या आहेत. घर दाखवताना भिंतीला हात लावत चालत होत्या. ऑपरेशन २९ ऑगस्टला ठरले आहे म्हणे. मुलगी हेमावती शाळेत शिकवते. तिघे आता ट्रिप्लिकेनला भाड्याने राहतात.

तर काल वेंकोबारावांची चिठ्ठी आली: ‘मागला वाडगै आमचा. तो तुम्हांपाशी राहिला. त्वरित पोचविणे.’ वाडगै! जन्मभर पोरांना शुद्धलेखन शिकवले आणि साधा वाडगा लिहिता येत नाही. शिवाय अठरा हजारांचे घर विकून माणूस वाडग्यासाठी चिठ्ठी पाठवतो! मी शोधला. घरामागे विहिरीपाशी पितळेचा एक पोचे आलेला वाडगा सापडला. चिंच लावून लख्ख घासला आणि आज यांच्याबरोबर धाडून दिला. सोबत लिहिले की आम्हांला दुसऱ्याच्या वस्तूचा मोह नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो चिठ्ठी पाठवून मागायची वेळ आणू नकोस.

तुझी
विमल


॥ श्री ॥
पुणे
ता. १३ ऑगस्ट १९५८

चि. सौ. विमल हीस,
उमाकांतचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचले, पंख्याचा वारा इथपर्यंत आला. वीस वर्षांच्या वकिलीत मी बांधावरून भांडणारे पाहिले, नळावरून पाहिले, एका शेवग्याच्या झाडावरून दोन सख्खे भाऊ हायकोर्टात गेलेले पाहिले. वाडग्याचा दावा मात्र अजून माझ्याकडे आलेला नाही. आलाच तर तुझ्याकडून फी घेणार नाही, फक्त वाडगा घेईन.

दोन गोष्टी विचारतो. भाडेकरूच्या पैशांची पावती मेहुणेबुवांनी दिली का? की तिथेही ‘सरि’? दुसरी गोष्ट आई विचारते आहे. वाडगा रिकामाच पाठवलास का? चिमूटभर साखर तरी घालायची होती, एवढे शिकवले होते, म्हणते.

वाद आणखी रंगला तर लगेच कळव, बार रूममध्ये सगळे वाट पाहताहेत. मुलांना पापे.

तुझा
दादा


॥ श्री ॥
नुंगंबाक्कम, मद्रास
ता. २४ ऑगस्ट १९५८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या बार रूमला सांग, रंगला. वेंकोबारावांचे उत्तर आले आणि तेही उघड्या कार्डावर, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्या गल्लीची सोय. लिहितात: ‘वाडगै मागितला तर भिक्षेचे पात्र धाडिले. आम्ही घर विकिले, मान विकिला नाही. २९ तारखेच्या आत पोचविणे.’ आता सांग, वाडगा मागितला, वाडगा पाठवला, तर त्यात भीक कुठून आली?

मी ताडले ते असे. त्यांचा वाडगा चांदीचा असणार, कुणी तरी लांबवला, आणि आळ आमच्यावर. किंवा नसणारच, आणि या निमित्ताने नवा उकळायचा असेल. हे म्हणाले, जाऊन समक्ष विचारू. मी म्हटले, तुम्ही जाल आणि ‘सरि’ म्हणून याल! शेवटी पाँडी बाजारातून एव्हरसिल्व्हरचा, म्हणजे आपल्या स्टेनलेसचा, कोरा वाडगा आणला, चार रुपये मोजून, आणि काल पाठवून दिला. आईला सांग, साखर याही वेळी घातली नाही. साखर महाग आहे आणि म्हातारा कडू.

भाडेकरूला पावती दिलेली नाही. तू उगीच वकिली करतोस.

लोभ वाढला नाही तरी चालेल, निदान पोचे न येता राहू दे.

तुझी
विमल


॥ श्री ॥
ट्रिप्लिकेन, मद्रास
ता. २ सप्टेंबर १९५८

सौ. विमलाबाई यांस,
हेमावतीचा सा. न. वि. वि.

आपण धाडिलेले दोन्ही वाडगे पोचले. तिसरा धाडू नये, आमच्या फळीवर जागा नाही.

आमच्या बोलण्यात वाडगै म्हणजे घरभाडे. शब्द तमिळ आहे. पावणेतीनशे वर्षे इथे राहून आम्ही असे बरेच शब्द उचलले. आपल्या यजमानांनी एकच उचलला, असे भाडेकरू सांगत होता. एप्रिल ते जून असे तीन महिन्यांचे भाडे त्याच्याकडे थकले होते. घर तेव्हा आमचे होते. ते एकशे पाच रुपये त्याने आम्हांस पोचविण्यासाठी आपल्या यजमानांपाशी दिले आणि तसे स्पष्ट सांगितलेही. ते ‘सरि’ म्हणाले.

घराच्या पैशातून माझ्या अप्पांनी त्यांच्या भावाचे कर्ज फेडले. आईच्या डोळ्यांसाठी हेच एकशे पाच धरले होते. २९ तारीख गेली. डॉक्टर आता ऑक्टोबर म्हणतात, आणि तोवर डाव्या डोळ्याची खात्री देत नाहीत.

दुसरा वाडगा आला तेव्हा आईने तो हातांनी चाचपला आणि मला विचारले, यात काय धाडिले आहे. काही नाही, असे मला सांगावे लागले.

लोभ मागत नाही. भाडे मागते.

हेमावती


॥ श्री ॥
नुंगंबाक्कम, मद्रास
ता. २५ नोव्हेंबर १९५८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मध्यंतरी पत्र नाही म्हणून रागावला असशील. लिहायची लाज वाटत होती. हेमावतीचे पत्र सोबत ठेवले आहे, ते आधी वाच. बार रूममध्ये वाचून दाखवणार असलास तर माझे नाव गाळ.

ते पत्र आले त्या दिवशी मी पंखा बंद केला आणि आठवडाभर लावला नाही. यांनी कचेरीतून उचल घेतली. आम्ही दोघे ट्रिप्लिकेनला गेलो. वेंकोबारावांनी नोटा दोनदा मोजल्या, पावती लिहिली आणि आमच्यापुढे कॉफी ठेवली. दोन्ही वाडगे समोरच्या फळीवर होते. मी सबंध वेळ त्यांच्याकडेच पाहत बसले होते.

ऑपरेशन १७ ऑक्टोबरला झाले. दोन्ही डोळे वाचले, दादा. ते कळले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

नंतर वेंकोबारावांचे कार्ड आले, उघडेच: ‘वाडगै पोचला. वट्टी राहिली.’ खरे सांगते, वाटी काढायला माझा हात फळीपर्यंत गेला होता. मग खाली घेतला आणि मागच्या बाजूला जाऊन भाडेकरूच्या बायकोला विचारले. वट्टी म्हणजे व्याज. ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावे लागले. यांनी हिशेब केला, सहा टक्क्यांनी दोन महिन्यांचे एक रुपया पाच नवे पैसे. ते मी वाटीतच घालून पाठवले. हेडमास्तरांना कळू दे, आम्हांलाही थोडे समजू लागले आहे.

काल वाटी परत आली. काठोकाठ साखर, आणि साखरेत पुरलेले एक रुपया पाच नवे पैसे, जसेच्या तसे. वर एक चिठ्ठी. अक्षर वेंकोबारावांचे नाही, हेमावतीचेही नाही. मोठे मोठे, ओळ सोडून खाली उतरलेले. सईबाईंनी दृष्टी आल्यावर पहिल्यांदाच हातात टाक धरला होता. लिहितात: ‘मुली, भांडे रिकामे धाडू नये. पुण्यास ठाऊक नसेल म्हणून लिहिले.’

हे आईला सांगू नकोस.

तुझी
विमल