आईच्या चाळीस फोटोंचं कार्ड

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाओजींची नवी कवळी बसली का? (मागच्या खेपेला हसताना निसटत होती. आता नीट बसली असेल तर त्यांना माझ्या वतीने एकदा मोकळेपणी हसायला सांग.) इकडे सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे आम्ही दोघंच. त्यातला मी ठीक आहे आणि तुझी भावजय गप्प आहे.

आता मुद्द्याचं. आईचे शेवटचे फोटो कॅमेऱ्याच्या ज्या कार्डात होते ते कार्ड अजून सापडलेलं नाही. फोटो काढले त्याच संध्याकाळी मी तुला फोनवर फुशारकीने सांगितलं होतं की चाळीस काढले, आई ठेवणीतले कपडे घालून तासभर ताठ बसली होती. तीन आठवड्यांत आई गेली. तू फोटो मागितलेस, मी कार्ड हरवल्याचं सांगितलं, आणि तू म्हणालीस की घरात आवराआवर कोण करतं ते मला ठाऊक आहे. ताई, फोन स्पीकरवर होता. हिने ऐकलं, "माझ्याच हातून केरात गेलं असेल," एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. याला दोन महिने झाले. तेव्हापासून तू हिच्याशी बोलत नाहीस, ही माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि मी आपला शोधतोय.

शोधायचं म्हणजे काय, ते तुला कळावं म्हणून लिहितो. हे कार्ड अंगठ्याच्या नखापेक्षा जेमतेम मोठं. मी स्टुडिओ उघडला तेव्हा फोटोला आकारमान होतं. रीळ हातात धरलं की हातात काहीतरी आहे असं वाटायचं. तीस वर्षांच्या निगेटिव्ह माळ्यावर दोन ट्रंकांत आहेत, त्यातली एक हरवलेली नाही. आता तीनशे माणसांचं अख्खं लग्न, जेवणाच्या पंगतीसकट, या नखाएवढ्या तुकड्यात मावतं, आणि तो तुकडा खिशाच्या शिवणीत जाऊन बसला तर लग्न झालं होतं की नाही याचीच शंका यावी. (एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत तसं झालंय. त्यावर पुन्हा कधीतरी.)

शोधमोहिमेची सूत्रं हिच्याकडे आहेत. रोज सकाळी ही एक जागा ठरवते आणि मी तिथे हात घालतो. पहिल्या आठवड्यात मी कपाटांमागची जळमटं काढली. दुसऱ्या आठवड्यात पिठाचा डबा चाळणीने चाळला. मग ही म्हणाली, सोफ्यात बघा. ब्लेडने सोफ्याची शिवण उसवली तर आत एक कंगवा, चार बटणं, भाओजींचा हरवलेला चष्मा (वेगळ्या पाकिटाने पाठवतोय) आणि ताई, एक कार्ड निघालं! मी तसाच चपला घालायला धावलो. ही मात्र शांत होती. म्हणाली, आधी सोफा शिवून घ्या.

ते कार्ड कॅमेऱ्याला वाचता येईना, म्हणून मरणाच्या दारातल्या कार्डांवर इलाज करणाऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. माणूस फार गंभीर. चिमट्याने कार्ड उचललं, भिंगाखाली धरलं आणि विचारलं, "तुमचं कोण होतं यात?" मी म्हणालो, घरचंच माणूस. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि तीन दिवसांची मुदत घेतली. चौथ्या दिवशी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली. सगळेच्या सगळे आमच्या गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांचे होते. त्यांना पासपोर्टच्या फोटोत स्वतःचे कान पसंत पडत नव्हते म्हणून मी ते चार दिवस काढत होतो. दुरुस्तीवाल्याला बिचाऱ्याला काय सांगणार? तो म्हणाला, "तुमच्यावरच गेलेत हो चेहऱ्याने." मी मान हलवली आणि घरी आलो.

सध्या मोहीम माळ्यावर आहे. त्यानंतर गच्चीतल्या कुंड्यांची माती उकरायची असं हिने सांगितलंय. माझी पाठ धरली आहे, पण तक्रार नाही. ही कमरेवर हात ठेवून उभी राहते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर, हिच्यावर नको. भाओजींना नमस्कार, तुला वडीलकीचा मान आणि गुडघ्यांना आराम पडो ही इच्छा.

तुझा,
धाकटा

ता. क. ताई, वर लिहिलेलं शोधण्यापुरतं खरं आहे. हरवल्याचं खोटं आहे. त्या दिवशी कॅमेऱ्यात कार्डच नव्हतं. रिळाच्या काळातली सवय, काम संपलं की रीळ काढून आधी खिशात. आदल्या दिवशी कार्डही तसंच काढलं आणि परत घालायचं विसरलो. त्याशिवायही खटका वाजतो. पडद्यावर सूचना येते म्हणे, पण त्या पडद्यावर मी पहिल्या दिवसापासून काळी पट्टी चिकटवलेली आहे. खटका दाबला की लगेच आत डोकावून बघायचं, हे ज्याचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही त्याने करावं, असं मी सगळ्यांना ऐकवत आलो. दोन दिवसांनी उघड झालं तेव्हा आई दवाखान्यात होती. तिने विचारलं, "चांगले आलेत ना रे?" मी म्हटलं, छान आलेत. ताई, मला फार लाज वाटते.

आणखी एक ता. क. हिला यातलं काहीच माहीत नाही. माझ्याने सांगवत नाही. तू थोरली आहेस. तू हिला फोन कर, हिची माफी माग आणि त्या ओघात माझं हे जे काय आहे ते सांगून टाक. कधी करणार ते मात्र आधी कळव, म्हणजे मी त्या वेळी भाजी आणायला जाईन.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. कार्ड फोटो काढले त्याच दुपारी ह्यांचा आदल्या दिवशीचा शर्ट धुवायला टाकताना मला खिशात मिळालं होतं. हे स्वतःहून कधी सांगतात ते बघत होते. दोन महिने लागले, तोवर घर लख्ख झालं. माफी वगैरे राहू द्या, फोनही नको, तुम्हीच चार दिवस राहायला या. एक काम आहे. त्या दुपारी मी आईंना म्हटलं होतं की फोटो आलेच नाहीत, पुन्हा काढायला सांगते. त्या म्हणाल्या, "नको गं. तासभर तो माझ्याकडेच बघत होता. लहानपणानंतर कधी बघितलं होतं त्याने इतकं?" दवाखान्यात त्यांनी मुद्दामच विचारलं, ह्यांना "छान" म्हणता यावं म्हणून. हे तुम्हीच ह्यांना सांगा. मी सांगायला लागले की मला रडू येतं.