सुनामी अन् आमचे उडदाचे पापड

लोणार

ती. जयमालाताईले धाकट्या वामनचा साष्टांग नमस्कार. इकडं आम्ही सारे खुशाल अन् कोरडे आहोत. रत्नागिरीत तू, भाऊजी अन् आपली आईबी कोरडे असाल, अशी आशा करतो.

त्याचं असं झालं, टीव्हीवर बातमी आली की दूर कुठंतरी समुद्राच्या पोटात भूकंप झाला, अन् सुनामी येते की नाही ते शास्त्रज्ञ तपासून राह्यले. इकडची तपासणी शेजारच्या नारायणरावानं हाती घेतली. (रिटायर झाल्यापासून त्याईले काही ना काही काम पाह्यजेच.) त्याईचं म्हणणं, आपल्या सरोवराचं पाणी खारं, समुद्राचंबी खारं, म्हणजे जमिनीखालून दोघाईची सोयरीक असलीच पाह्यजे, तिकडं हललं की इकडं उसळन. मी म्हटलं, "नारायणराव, लोणचंबी खारंच असते!" पण तोवर आमच्या पुष्पानं तुरीचं पोतं, गाद्या अन् उडदाच्या पापडाचे डबे गच्चीवर चढवाले घेतले होते. (चढवणारा अर्थातच मी.)

आमची मयुरी भूगोल घेऊन बी.ए. करते. ती म्हणे, "आई, मधात अख्खा सह्याद्री आहे. लाटेले घाट चढा लागन!"

पुष्पा थांबली. मले वाटलं, पटलं. तं म्हणते, "अन् घाटाच्या तिकडं रत्नागिरी आहे ना? आत्याबाईचे गुडघे दुखतात. त्या वरच्या मजल्यावर कशा चढतीन?" अन् सासूच्या काळजीनं जिन्यातच बसून रडाले लागली.

संध्याकाळी बातमी आली, आपल्या किनाऱ्याले धोका नाही. सामान उतरवाले गच्चीवर गेलो, तं वानरांची पंगत बसलेली. जीवितहानी शून्य, पापड एकबी उरला नाही.

तुहा वामन

ता. क. आता नवीन पापड कराचे आहेत. आईसारखं पीठ मले भिजवता येत नाही, असं पुष्पा स्वतःच्या तोंडानं म्हणाली. (वरणातल्या मिठावरून तिच्यासंग भांडून आई तुह्याकडं निघून आली, त्या दिवशी ती असं काही म्हणाली नव्हती.) आई आमचा फोन घेत नाही, म्हणून हे पत्र. तिले वाचून दाखव अन् इकडं धाड.

आणखी ता. क. पुष्पानं पत्र वाचलं. म्हणे, "टपालानं कवा पोचन? तोवर दुसरा भूकंप झाला तं?" अन् मलेच गाडीत बसवलं. आता तुह्या दारात उभा आहो. आतून आई म्हणते, घरात कोणी नाही. पत्र फटीतून सरकवतो. तू दार उघड.